सांगोड, काका आणि बुडवलेल्या होड्या

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा जावयानं आम्हाला न्यूयॉर्क राज्याच्या पार वरच्या टोकाला, सेंट लॉरेन्स नदीकाठच्या क्लेटन नावाच्या गावी नेलं होतं. तिथं जुन्या लाकडी बोटींचं संग्रहालय आहे आणि १९६० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात अशा बोटींचं प्रदर्शन भरतं. महोगनीच्या बोटी, चकचकीत कड्या, वॉर्निशाचे थरावर थर. वाकून बघितलं तर आपलंच तोंड दिसावं. मालक मंडळी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून शेजारी खुर्च्या टाकून बसलेली, मांडीवर मऊ फडकं. कुणा पोराचं बोट बोटीला लागलं की फडकं पुढं. मूळ लाकूड किती टिकवलंय, स्क्रूसुद्धा त्याच काळातले आहेत का, यावर तिथं शाबासकी ठरते.

ते फोटो मी मालवणला काकांना दाखवले. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून त्यांनी एकेक फोटो पाहिला. "बऱ्यो आसत," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण ह्यो काम काय करतत?" म्हटलं, काम काही नाही, हौस. "म्हणजे पेन्शनीत गेलेल्यो," असं म्हणून फोन परत दिला.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, वय ७९. तेरा-चौदा वर्षांचे असताना ते मंगलोरी कौलं मुंबईला नेणाऱ्या गलबतावर रांधायला पोऱ्या म्हणून लागले होते. दोन-तीन वर्षंच गेले असतील, पण आयुष्यभराच्या गोष्टी त्यातल्याच. तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. गोव्याचा किनारा आला की तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, गलबत बाहेर खोल पाण्यात काढायचा. १९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' बोटीवर गोळीबार झाला, त्यानंतर तर रात्री गलबतावर विडीसुद्धा पेटवू देत नसत म्हणे. त्यामुळे काकांनी समुद्रावरून पाहिलेला गोवा म्हणजे आग्वादच्या दीपगृहाचा एक दिवा. पुढं एसटीच्या वर्कशॉपात नोकरी लागली, लग्नाकार्याला, मंगेशीला शंभरदा गोव्यात जाणं झालं, पण सगळं रस्त्यानं.

म्हणून २०२५ च्या गणपतीत ठरवलं, काकांना कुंभारजुव्याचं सांगोड दाखवायचं. गणपतीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याच्या खाडीत दोन-दोन होड्या एकमेकींना बांधतात, वर फळ्यांचा माच घालतात आणि त्यावर देखावे उभे करून मिरवतात. दोन होड्यांच्या त्या जोडीलाच सांगोड म्हणायचं. आमचा गणपती दीड दिवसाचा आणि गौरी मोठ्या जाऊबाईंकडे, त्यामुळे मी मोकळी.

पहिला दिवस, रविवार

मी मुंबईहून कोकणकन्येनं निघाले, काका कुडाळला चढले. हातात पिशवी, पिशवीत धोतर, काखेत लांब दांड्याची काळी छत्री. ही छत्री लक्षात ठेवा. करमळीला उतरलो तेव्हा पाऊस आडवा लागत होता. स्टेशनपासून जुनं गोवं जवळ आहे. रिक्षावाल्यानं जे भाडं सांगितलं ते मी मुकाट्यानं दिलं, काका दोन दिवस त्यावरून बोलत होते.

सामान पाठीवर घेऊनच पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात शिरलो. बहुतेक लोक शेजारच्या चर्चमधून बाहेर पडून पाऊस थांबायची वाट बघत इथं येतात आणि व्हाइसरॉयांच्या तसबिरींपुढून भराभरा पुढं सरकतात. आम्हाला बघायच्या होत्या कदंबांच्या काळातल्या वीरगळी, लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड. एकीवर नाव कोरली आहे, लढाईतली, ओळीनं माणसं बसलेली. कदंबांची राजधानी गोपकपट्टण हे जुवारीकाठचं बंदर, तेव्हा इथला वीर पाण्यावर पडला यात नवल नाही. काका दगडासमोर बराच वेळ उभे. माणसांकडे, शस्त्रांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "नाळ बघ," म्हणाले, नावेच्या पुढच्या टोकाकडे बोट दाखवून, "कशी वर उचललेली आसा. लाट कापूची तर अशीच होयी." पाथरवटानं होडी जवळून पाहिलेली होती, एवढं त्यांच्या बाजूनं पक्कं झालं.

(संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. आत फोटोचे नियम दारावर लिहिलेले असतात, ते आधी वाचा.)

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ चालत गेलं की दिवाडी बेटाची फेरीबोट. याच काठावर पोर्तुगीजांची जहाजं बांधायची गोदी होती. आता गवत आणि फेरीच्या रांगेतल्या स्कूटर. माणसांना फेरीत तिकीट नाही, हे कळल्यावर काकांचा रिक्षाचा राग थोडा निवळला.

फेरीतल्या एका पोरानं बोट दाखवून सांगितलं, दिवाडीवर शिपयार्ड आहे, 'म्हादेई' तिथंच बांधली. आतून लाकूड आणि वरून फायबरग्लास असलेली ही ५६ फुटी शिडाची नौका. तीच घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीला वळसा घालून आले आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठंही न थांबता. सहा महिला अधिकाऱ्यांची 'तारिणी'सुद्धा तिथलीच. म्हादेई हे मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव, हे मला माहीत होतं, काकांना नव्हतं. त्यांनी नदीला नमस्कार केला आणि मग म्हणाले, "फायबर लावल्यानी ना पण." लाकडाला फायबरचा अंगरखा घालणं त्यांना अजून पटलेलं नाही.

मुक्काम दिवाडीवर एका ख्रिस्ती आंटींच्या घरी. बुकिंगमध्ये दोन खोल्या होत्या, प्रत्यक्षात एक खोली आणि एक गळका व्हरांडा निघाला. आंटींनी स्वतःची खोली काकांना दिली आणि विषय संपवला. रात्री बांगडे तळल्याचा वास घरभर. काका म्हणाले, "गावात गणपती आसा तोवर नाय." मग मलाही नाही. पोई (गोव्याचा पाव), पातळ भाजी आणि तो वास, असं जेवण झालं.

दुसरा दिवस, सोमवार

सकाळी पाऊस थांबलेला. आंटींच्या ओळखीच्या गाडीनं कुंभारजुव्याला गेलो, उद्याची वेळ विचारून यायला. हे फार बरं केलं. माझ्याकडे नेटवरून उतरवलेली वेळ होती आणि ती साफ चुकीची निघाली. जाणाऱ्यांनी एक तर चतुर्थीचा दिवस पहिला धरून सातवा मोजावा, आणि वेळ आदल्या दिवशी गावातच विचारावी.

गाव म्हणजे एक बेटच. एका अंगाला खाडी, मांडवीला जुवारीशी जोडणारी. खाडीच्या मगरी प्रसिद्ध आहेत. मगरीला इथं मानगें म्हणतात, आणि काही गावांतून पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजाही करतात. ग्रामदेवी शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण. पोर्तुगीज काळात देवी खाडीपलीकडे माशेलला गेली ती तिथंच राहिली. गाव अलीकडे, देवी पलीकडे, मधे पाणी. मग उत्सव होडीत आला यात आश्चर्य काय.

काठाला लागलो आणि माझा जीवच बसला. माडाच्या खाली चार होड्या पाण्यात बुडलेल्या. नुसती कड वर दिसत होती, आत गढूळ पाणी आणि पाण्याखाली मोठाले दगड. म्हटलं, झालं, पावसानं होड्या गेल्या आणि सांगोडही गेलं. एका माणसाला विचारलं तर तो हसायलाच लागला. आधी काकांकडे बघून, मग माझ्याकडे.

"मरूक नाय गो ती," काका म्हणाले. "पाणी पिता हा."

त्या माणसानं त्याच्या कोंकणीत सांगितलं, "तीन दीस बुडोवन दवरतां. मागीर थेंबो येना." होडी काठावर पडून राहिली की लाकूड सुकतं, फळ्या आकसतात, सांधे उघडतात. तशीच पाण्यात लोटली तर चाळणी. म्हणून मुद्दाम दगड भरून बुडवायची. लाकूड फुगतं, फळीला फळी दाबून बसते, मग दगड काढायचे, पाणी उपसायचं आणि होडी तयार. शिवाय, काकांनी पुस्ती जोडली, पावसात खाडीचं पाणी गोडं होतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी कीड गोड्या पाण्यात जगत नाही. ही कीड दिसायला अळीसारखी, पण जात शिंपल्याची. जुने तांडेल मुद्दाम गलबत नदीत आत घालून ठेवत, कीड मारायला.

मला क्लेटनची ती फडकी आठवली. तिथं कुणी सांगितलं असतं की बोट आधी तीन दिवस बुडवा, तर पोलीस बोलावले असते.

त्या माणसाचं घर काठालाच. तो दिवसा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो आणि पहाटे खाडीत जाळं टाकतो. आम्ही कोण, कुठले, हे कळल्यावर त्यानं आम्हाला वडलांकडे नेलं. वडील ऐंशीच्या घरातले, सगळे त्यांना मेस्त म्हणतात. होड्या बांधणं, दुरुस्त करणं हाच धंदा होता. आता गिऱ्हाईक फायबरच्या होड्या घेतं, तिला ना बुडवावी लागत, ना तेल लावावं लागत. एवढं सांगून मेस्तांनी पायरीवर बसायला जागा करून दिली.

काकांची मालवणी आणि मेस्तांची कोंकणी. मी मधे दुभाषी व्हायच्या तयारीत होते, माझी काही गरज पडली नाही.

घराच्या मागं झावळ्यांच्या मांडवात एक होडी पालथी घातलेली होती, दोन माडाच्या ओंडक्यांवर. तळ एका अखंड आंब्याच्या खोडातून कोरलेला, त्यावर दोन्ही बाजूंना फळ्या, आणि फळ्या तळाला चक्क शिवलेल्या. चार-चार बोटांवर भोकं, त्यातून काथ्याचं सुंभ आतबाहेर ओवलेलं. सांध्यावर आतून काथ्याची जाड वात बसवलेली, टाका ओढला की ती वात सांध्यात दबते. एकही खिळा नाही. मी विचारलं, खिळा का नाही? मेस्त म्हणाले, लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं आणि गंजताना भोवतालचं लाकूडही खातं. शिवाय शिवलेली होडी वाळूवर आदळली की थोडी वाकते, खिळ्याची फुटते. मग त्यांनी दोन्ही तळहात जुळवून, बोटं एकमेकांत अडकवून ते वाकणं करून दाखवलं. बोटांवर काळे चट्टे होते. मला वाटलं भाजलंय. ते काजूच्या सालीचं तेल, होडीला चोपडायचं. लाकडाला राखतं, कातडीला जाळतं.

काका होडीभोवती फिरत होते. बोटाच्या पेरानं फळीवर ठोकायचे, कान लावायचे, पुढं सरकायचे. एका जागी थांबले. परत ठोकलं. मेस्त पायरीवरूनच म्हणाले, "हांव जाणा." ती फळी बदलायची होती, त्यांना माहीतच होतं.

मग काकांनी विचारलं, होडी किती वर्षांची.

मेस्तांनी थोडा विचार केला. "तळ म्हज्या बापायचो. फळ्यो म्हज्यो. सुंब ह्या वर्साचें."

मी फोनवर 'कौंडिण्य'चा व्हिडिओ काढून दाखवला. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या जहाजाच्या चित्रावरून, पाचव्या शतकातल्या पद्धतीनं नौदलानं गोव्यात बांधून घेतलेली शिवणीची नौका. आराखडा असा काहीच शिल्लक नव्हता, नुसतं चित्र. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या सुतारांनी फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पाण्यात उतरली, २१ मेला कारवारात नौदलात दाखल झाली. (आमच्या सहलीनंतर, डिसेंबरअखेर ती पोरबंदरहून निघाली आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलीसुद्धा.) मेस्तांनी व्हिडिओ तीनदा बघितला. सुतार टाका आवळतो तिथं बोट ठेवून थांबवायला लावलं. "गांठ वेगळी," एवढंच म्हणाले. पण फोन लगेच परत दिला नाही.

घरात गणपती बसलेला होता, वर माटोळी टांगलेली. आपल्याकडे देवापुढं फळं ठेवतात, गोव्यात गणपतीच्या डोक्यावर रानच लटकवतात: आंबाडे, तोरिंग, चिबूड, सुपारीचे घोस, पंख असलेली माटाची फळं. माट म्हणजे आपला ऐन, गोव्याचा राज्यवृक्ष. मेस्त म्हणाले, होडीच्या फळीलाही माट चालतो. एकाच झाडाचं फळ देवावर आणि लाकूड पाण्यात. घरात बोलणं सगळं कोंकणीत, पण आरती मराठीत, आणि कोपऱ्यात ठेवलेली पोथीही मराठी. सुनेनं खतखतें वाढलं आणि वर नेवऱ्या. जेवणाआधी सोडणार नव्हतेच. खतखत्यात तिरफळ मुबलक होतं, काकांनी चौथ्यांदा घेतलं.

संध्याकाळी पणजी. काकांना मांडवीचं समुद्राकडचं तोंड बघायचं होतं, तेही पाण्यावरून. बेतीच्या फेरीत बसलो आणि उतरलोच नाही, दोनदा येऊन-जाऊन केली. काका रेलिंगला धरून पश्चिमेकडे बघत होते. त्यांनी पाहिलेला दिवा आग्वाद किल्ल्यावरचा जुना, १८६४ चा. १९७६ मध्ये तो बंद झाला आणि शेजारी नवा आला. फेरीच्या अंगावर कॅसिनोच्या बोटींचे गुलाबी-जांभळे दिवे पडत होते. "तेवा एकच होतो," काका म्हणाले. "आणि तोच पुरा होय." थोड्या वेळानं, "ह्या दारातसून आत येवचा रव्हला." मी काही बोलले नाही. तोंडातून शिरायचं तर मोठी बोट हवी, आणि त्यात समुद्र पावसाळी.

तिसरा दिवस, मंगळवार

दुपारी पोचायचं ठरलं होतं, काकांनी सकाळी आठलाच गाडीत बसवलं. त्यांना होड्या बांधताना बघायच्या होत्या.

कालच्या बुडालेल्या होड्या वर आल्या होत्या. आत गुडघाभर पाणी, दोन पोरं डब्यांनी उपसत होती. खरोखर, उपसून झाल्यावर आत थेंब नाही. मग दोन होड्या शेजारी, मधे हातभर अंतर. वर आडवे बांबू, बांबूंवर फळ्या, आणि सगळं दोरीनं जखडलेलं. जखडताना एक जण होडीत उभा राहून डुलवून बघत होता, ढिली राहिलेली गाठ कुरकुरते. कुरकुर आली की मेस्त काठीनं नेमकी ती गाठ दाखवायचे, खुर्चीतून न उठता.

काकांच्या डोक्यात एक गोष्ट आली. सातवा दिवस म्हणजे त्या वर्षी दशमी. अष्टमीनंतर दोन दिवस पाण्याची ओढ सगळ्यात कमी, भांगाची भरती. पुनवेच्या उधाणात अशी जोडलेली होडी देखाव्यासकट आवरणार नाही. "कोणी तरी खलाशानंच दिवस काढलेलो आसतलो," असं त्यांनी मेस्तांना सांगितलं. मेस्त म्हणाले, देवानं काढला. दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

दुपारनंतर दोन्ही काठ भरले. झाडांवर माणसं, गच्च्यांवर माणसं. आधी गणपतीचं सांगोड, घुमट, शामेळ आणि कांसाळी या वाद्यांच्या गजरात. घुमटाचा आवाज पाण्यावरून येतो तेव्हा वेगळाच लागतो, पोटात वाजतो. मागोमाग देखावे. गरुडावर बसलेला विष्णू, थर्माकोलचे सोनेरी पंख होडीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. मग गजेंद्रमोक्ष: कापडाचा हत्ती आणि लाकडी मगर, खऱ्या मगरींच्या खाडीत. माझ्या शेजारची बाई म्हणाली, खरी आली तर पहिलं बक्षीस तिलाच. एका होडीत बाळकृष्ण दोन तास बासरी धरून कंटाळला होता, आमच्या समोरून जाताना त्यानं बासरी काखेत मारली आणि पुडा उघडून बिस्कीट खाल्लं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

आणि मधेच पाऊस कोसळला. सूचना नाही, थेंब नाही, एकदम सर. माझ्यासमोर पाचपन्नास छत्र्या उघडल्या आणि सांगोड दिसायचं बंद झालं. (छत्री नको, रेनकोट न्या. आणि चिखलात घसरणार नाही अशी चप्पल.) छत्र्यांच्या फटीतून दिसला तो मारुती. निळ्या डोंगराखाली एक हात वर, तोंडाचा शेंदूर ओघळून छातीवर आलेला, डोळ्यांत रंग गेलेला. डोळे मिटले, हात खाली आला नाही. सर संपेपर्यंत तसाच. गरुडाचा डावा पंख मात्र गेला. भिजून आधी वाकला, मग अर्धा तुटून पाण्यात. विष्णूनं उरलेल्या अर्ध्या पंखाला एका हातानं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं आशीर्वाद चालू ठेवला.

या गोंधळात काका शेजारी नाहीत. छातीत धस्स झालं. ७९ वर्षांचा माणूस, निसरडा काठ. शोधत खाली आले तर मेस्तांच्या मुलानं त्यांना सांगोडांबरोबर जाणाऱ्या एका सुट्या होडीत बसवलं होतं. काही अडकलं, कुणी पडलं तर म्हणून ही होडी मागं असते. काका मधल्या फळीवर, काळी छत्री उघडून ऐटीत. मी काठावरून ओरडले, "काका, उतरा आधी!" त्यांनी ऐकलं नाही की ऐकू आलं नाही. वळणापाशी छत्री मिटली, शेजारच्या पोराच्या हातातलं वल्हं घेतलं. चार-पाच वेळाच मारलं असेल. पाणी उडालं नाही. वल्हं पात्याच्या कडेनं शिरायचं, आडवं व्हायचं, परत कडेनं बाहेर. त्या पोरालाही नीट जमत नव्हतं ते.

परत आले तेव्हा धोतर मांडीपर्यंत भिजलेलं. मी रागावायच्या आत म्हणाले, "आत गेलंय. दारातसून नाय तर नाय, खिडकीतसून."

विसर्जन होईपर्यंत अंधारलं. परतीची गर्दी एका अरुंद रस्त्यावर, तासभर गाडी हललीच नाही. ज्यांना रात्रीची गाडी पकडायची आहे त्यांनी विसर्जनाआधीच निघावं किंवा मुक्काम करावा, मधला मार्ग नाही. अर्ध्या रस्त्यात काकांनी काख चाचपली.

छत्री होडीत राहिली होती.

चौथा दिवस, बुधवार

परतीची मांडवी एक्सप्रेस सकाळचीच. मी म्हटलं, जाऊ दे छत्री, कुडाळला नवी घेऊन देते. छत्री काकूंनी घेतलेली, काकू जाऊन सहा वर्षं झाली. पहाटे सहाला पहिल्या फेरीनं निघालो.

खाडीवर धुकं, रस्ताभर कागदी पताकांचा चोथा. काठावर माच नाही, बांबू नाहीत, सगळं रात्रीच सोडलेलं. चारातल्या तीन होड्या काठाला, चौथी नाही. मेस्त पायरीवर चहा पीत होते. म्हणाले, मुलगा जाळं काढायला गेलाय, छत्री असेल तर होडीतच असेल.

थोड्या वेळानं ती दिसली. धुक्यातून आधी नाळ आली. नाळेला गरुडाच्या पंखातला सोनेरी कागद चिकटलेला, वितभर, भिजून लोंबणारा. आत जाळं, टोपलीत थोडी मासळी, आणि मधल्या फळीच्या भोकात काकांची छत्री दांड्यानं उभी खोचलेली, उघडी. खाली एक बारका पोरगा मासळी निवडत बसलेला. कालचा बाळकृष्ण. कपाळावर निळा रंग अजून होता.

"काका, गाडी सुटेल," मी म्हटलं.

मेस्तांच्या मुलानं आम्हाला बघून छत्रीकडे हात केला, मग जाळ्याकडे. अजून अर्धं जाळं पाण्यात होतं. काकांनी काठावरूनच खूण केली, सावकाश. आणि मेस्तांच्या शेजारी पायरीवर टेकले. सुनेनं त्यांच्यासाठीही चहा आणला.